चिंगीचा वार

आम्ही बाराजणी मसाल्याच्या शेडवरून बोलतोय. माईकसमोर एकटीच बसली आहे, पण काय सांगायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणून 'आम्ही'. मागे याच कार्यक्रमात आम्ही कांडपाच्या हिशोबावर बोललो होतो. आज आमच्या शेडवरच्या कुत्रीबद्दल बोलणार आहोत. तिचं नाव चिंगी.

कुणी म्हणेल, बचत गटाच्या कार्यक्रमात कुत्रं कुठून आलं? तर कारण असं. चिंगी आमच्याकडे आली तेव्हापासून आजूबाजूच्या गटांतल्या बाया आम्हाला विचारतात. कुणाच्या दारात गाडीनं उडवलेलं कुत्रं येऊन पडलेलं असतं. कुणाच्या शेताजवळ ऊसतोड टोळी उठून जाते आणि एखादं पिल्लू मागं राहतं. शहरातली माणसं पाळलेलं कुत्रं गाडीतून आणतात आणि घाटात सोडून जातात, तेही फिरत फिरत कुणाच्या तरी ओसरीवर येतं. बाईचं मन आहे, दोन दिवस भाकरी घालते. तिसऱ्या दिवशी मुलं त्याला नाव ठेवतात. मग आपण म्हणतो, राहू दे आता. पण राहू दे म्हटल्यावर पुढं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. ते आज सांगायचं आहे.

चिंगी आमच्याकडे आली ती विहिरीतून. म्हणजे आधी ती विहिरीत पडली होती. आमच्या जुन्नरच्या पट्ट्यात बिनकठड्याच्या जुन्या विहिरी अजून पुष्कळ आहेत. पाणी कमी होतं म्हणून बुडाली नाही, पण मागचा पाय मोडला. प्राण्यांचं काम करणाऱ्या पोरांनी जाळी सोडून तिला वर काढलं. पुढं दोन महिने त्यांच्याकडेच होती. पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. तिथंच तिची नसबंदी केली, रेबीजची लस टोचली, आणि नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला छोटी खाच पाडली. मग पोरांनी गावात विचारलं, कुणी ठेवून घेईल का? रस्त्यावर परत सोडलं तर लंगडी कुत्री टिकणार नाही.

आमची शेड गावाबाहेर आहे, तीन बाजूंनी ऊस. राखणीला कुत्रं बरं, असं दोघी-तिघींच्या मनात आलं. विषय मासिक बैठकीत निघाला. सचिव ताई म्हणाल्या, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या का?" कुणी म्हणालं, मसाल्यात केस पडतील. हे दोन्ही मुद्दे बरोबरच होते. पण खरा विरोध केला आक्कांनी. आक्का आमच्यात सगळ्यांत मोठ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मला कुत्रं नको."

का, ते आम्हाला ठाऊक होतं. आक्का लहान असताना त्यांच्या धाकट्या भावाला पिसाळलेलं पिल्लू चावलं होतं. घरच्यांनी जखमेवर मिरची भरली, एका बाबाकडून दोरा बांधून आणला. जखम बरी झाली. दीड महिन्यानं पोराला पाणी घशाखाली जाईना. आठवड्याच्या आत गेला. आक्का त्या दिवसापासून कुत्र्याला शिवलेल्या नाहीत.

त्या दिवशी आम्ही मतं मोजली नाहीत. अशा गोष्टीत बहुमत लावून एकीला गप्प बसवायचं, हे आम्हाला बरं वाटेना. आक्कांनाच विचारलं, तुमची अट काय? आक्का म्हणाल्या, "गटाच्या रजिस्टरात तिचं पान काढा. कुठली सुई कधी दिली, पुढची कधी, ते लिहा. कर्जाचा हप्ता जसा दर बैठकीत वाचता, तसं ते पान वाचायचं. एक तारीख चुकली, की कुत्री परत."

असं ठरलं आणि दिवाळीनंतर चिंगी शेडवर आली.

आता पहिली गोष्ट सांगतो, कारण इथंच पुष्कळ जणी नाराज होतात. जिवावर बेतलेल्या प्रसंगातून वाचवलेलं कुत्रं पहिल्या दिवशी शेपूट हलवत येत नाही. आपल्याला वाटतं, एवढं केलं याच्यासाठी, आणि हे कोपऱ्यात तोंड घालून बसलंय. पण त्याला काय माहीत आपण कोण? त्याच्या दृष्टीनं ही तिसरी नाहीतर चौथी जागा. कुत्र्यांचं काम करणारी माणसं एक ढोबळ हिशोब सांगतात. तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे रीत समजण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. प्रत्येक कुत्र्याचा वेग निराळा, पण अंदाज म्हणून हे लक्षात ठेवा.

पहिले तीन दिवस आम्ही चिंगीसाठी जवळजवळ काहीच केलं नाही, आणि तेच करायचं असतं. शेडच्या मागच्या खोलीत भिंतीला लागून एक लाकडी खोकं आडवं ठेवलं. आत गोणपाट आणि जुन्या लुगड्याची घडी. पाठीला भिंत, समोर एकच वाट, म्हणजे मागून कोण येईल ही भीती नाही. कांडप मशीनपासून ही खोली लांब आहे. मिरचीचा खकाणा आपल्याला सोसत नाही, तर कुत्र्याच्या नाकाचं काय होत असेल! त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण.

तिला बघायला कुणाला बोलावलं नाही. मुलांना सांगितलं, आठ दिवसांनी. जेवण ठेवायला दोघीच जायच्या, त्याच दोघी, त्याच वेळेला. सकाळी शेड उघडताना आणि संध्याकाळी बंद करायच्या आधी. थाळी ठेवायची, थोडं लांब, तिच्याकडे बाजू करून बसायचं, मिरच्यांची देठं खुडायची. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, वाकून डोक्यावर हात न्यायचा नाही. आपल्याला ती माया वाटते. घाबरलेल्या कुत्र्याला वरून येणारा हात म्हणजे मारायला उगारलेला हात वाटतो. दहाव्या की अकराव्या दिवशी चिंगी आपण होऊन उठली, देठांच्या टोपलीचा वास घेतला, शिंकली आणि परत खोक्यात गेली. त्या दिवशी आम्हाला सणासारखं वाटलं.

तुम्ही सगळ्या बचत गटातल्या आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. कुत्र्याचा विश्वास एकरकमी जमा होत नाही. तो रोज थोडा थोडा भरावा लागतो, ठरल्या वेळेला. एक दिवस मटण घातलं आणि दोन दिवस विसरलो, याचा उपयोग नाही. साधी भाकरी, पण रोज त्याच वेळेला, त्याच हातानं, हे त्याला कळतं. आज काय होणार आणि उद्या काय होणार हे त्याला आधीच समजू लागलं, की त्याची भीती कमी होते.

दुसरी गोष्ट दोराची. गावाकडे कुत्रं आलं की आपण आधी गळ्यात दावं बांधतो. चिंगी मात्र दोर दिसला की थरथर कापायची, जागच्या जागी मुतायची. विहिरीत वरून दोर आला होता, जाळी आली होती. वाचवायलाच आली होती, पण त्या वेळी पाय मोडलेला, अंग दुखत असताना आवळलं गेलेलं. तिच्या अंगाला तेच लक्षात राहिलं. पण दवाखान्यात न्यायचं तर गळ्यात पट्टा हवाच. मग एक मऊ कापडी पट्टा आणला. आधी चार दिवस तो नुसता थाळीशेजारी पडू दिला. मग पट्टा हातात धरून त्याच हातानं अंड्याचा तुकडा दिला. मग पट्टा मानेला नुसता टेकवला, तुकडा दिला, काढून घेतला. मग जेवणापुरता घातला. नंतर त्याला दोरी लावून तिची ती ओढत फिरू दिली. तीन आठवडे लागले. कुठल्याही पायरीवर ती मागं सरली तर आम्ही एक पायरी मागं आलो. तुमच्या कुत्र्याला काठीची भीती असेल, झाडूची असेल, मोटरसायकलची असेल. रीत हीच. भीतीची वस्तू लांब, शांत, आणि तिच्यासोबत काहीतरी गोड खाणं.

आता खाण्याचं. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं धावले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबासोबत कुत्रं. आपल्याकडे कुत्र्याला घास घालणं हे पुण्यच. पण भावनेपोटी फार तूप-तेल घातलं तर कुत्र्याचं पोट बिघडतं. आधीच्या ठिकाणी ते जे खात होतं तेच पहिले काही दिवस द्या, मग हळूहळू आपलं मिसळा. चिंगीला आम्ही बाजरीची भाकरी किंवा भात, त्यात उकडलेलं अंडं, कधी बिनहाडाची उकडलेली कोंबडी, कधी फोडणी न दिलेली पातळ डाळ असं देतो. मीठ-मसाला नाही. मसाल्याच्या शेडवर राहून ती एकटीच अळणी जेवते.

काय घालायचं नाही ते नीट ऐका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. म्हणजे उरलेला रस्सा भाकरीवर ओतायचा नाही. शिजवलेली हाडं चिरफळतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. चॉकलेट विषारी. आणि आपल्या भागासाठी महत्त्वाचं म्हणजे द्राक्षं आणि मनुका. नारायणगाव-जुन्नरकडे द्राक्षबागा आहेत, खाली पडलेले मणी मुलं सहज कुत्र्यासमोर टाकतात. द्राक्षानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. प्यायला स्वच्छ पाणी मात्र कायम भरलेलं हवं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ काढून धापा टाकतं, तोच त्याचा थंड व्हायचा उपाय. उन्हाळ्यात पत्र्याखाली बांधून ठेवलं तर जीव जाऊ शकतो.

घाण करण्यावरून कुत्र्याला मारू नका, तोंड त्यात घासू नका. उठल्यावर आणि जेवल्यावर लगेच बाहेर न्यायचं, एकाच जागी. तिथं झालं की शाब्बास म्हणायचं. आठ-पंधरा दिवसांत कळतं.

गोचिडांचं एक सांगतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली रोज हात फिरवून बघा. गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल लावू नका. आणि शेतात फवारायचं औषध किंवा गाईचं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्यावर टाकू नका. त्यानं कुत्री मरतात. कुत्र्याचं औषध निराळं मिळतं, ते त्याच्या वजनावर ठरतं. कुत्रं सुस्त पडलं, ताप आला, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर गोचीडतापाची शंका घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. उंदराचं औषध, थिमेट, फवारणीची बादली ही कुत्र्याच्या तोंडापासून लांब. काही खाल्लंच तर पुडी किंवा डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे पळा. नाव कळलं तर उपाय लवकर होतो.

बिबट्याचं बोलल्याशिवाय आमच्या भागात कुत्र्याचं बोलणं पुरं होत नाही. कुत्रं असलं की बिबट्या येत नाही, असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे. शेजारच्या अकोले खोऱ्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळीपेक्षाही कुत्रं जास्त. रात्री अंगणात कुत्रं बांधणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं, आणि त्याला आपल्या उंबऱ्याची सवय लावणं. बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे. दिवे लागायच्या आत चिंगी मागच्या खोलीत, दाराला आतून पत्रा, बाहेरून कडी. राखण करायला आणलेली कुत्री रात्री आम्ही कुलपात ठेवतो, म्हणून लोक हसतात. हसू देत. आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने ती भुंकलीच नाही. पहिल्यांदा भुंकली ती भर दुपारी, गोणी घेऊन आलेल्या टेम्पोवर, आणि भुंकून लगेच खोक्यात जाऊन बसली.

तोपर्यंत तिचं दोघींवरून बारा जणींवर आलं होतं. पूर्वी गरीब विद्यार्थी गावात वार लावून जेवत, तसा आम्ही चिंगीचा वार लावला. सोमवारी एकीकडून भाकरी, मंगळवारी दुसरीकडून. नवी बाई आधी दोन दिवस जुन्या बाईबरोबर यायची, मग एकटी. पेरणी, जत्रा, माहेरपण, बाळंतपण, काही असलं तरी वार रिकामा जायचा नाही. जिला जमणार नाही तिनं आदल्या दिवशी बदली सांगायची. एकटीच्या घरी कुत्रं असेल तरी हे ठरवा. तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर कोण बघणार? त्या माणसाची ओळख कुत्र्याला आधीपासून हवी.

आक्कांचा वार नव्हता. त्या शिवतच नव्हत्या. पण दर बैठकीत रजिस्टरातलं ते पान त्याच वाचायच्या. रेबीजची लस दर वर्षी. पार्व्हो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांची लस. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. तारखा त्यांना पाठ झाल्या होत्या.

मग चैत्र आला. चैत्र-वैशाखात वर्षाचा मसाला करायला गर्दी असते. गिऱ्हाईक बाई मापाला उभी होती, तिचा सहा वर्षांचा मुलगा खेळत खेळत मागच्या खोलीत गेला. चिंगी जेवत होती. मुलानं थाळी ओढली. चिंगी गुरगुरली. मुलानं पुन्हा हात घातला आणि तिचा दात त्याच्या मनगटाला लागला. रक्त आलं नाही, पण कातडी खरचटली.

पोरगं रडायला लागलं, आई ओरडायला लागली, आणि काही क्षण सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. हलल्या त्या आक्का. त्यांनी मुलाला उचललं, नळाखाली नेलं, कपड्याचा साबण घेतला आणि मनगट धुवायला लागल्या. घड्याळ बघत धुतलं, पुरी पंधरा मिनिटं. आई हळद घेऊन आली. आक्का म्हणाल्या, "काही लावायचं नाही. हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच. गाडी काढा."

सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी पहिला डोस मिळाला, मोफत. हे डोस कातडीत देतात. पहिला तो शून्यावा दिवस, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. काही ठिकाणी लस दंडात देतात, तेव्हा १४ व्या दिवशीही एक डोस असतो. रक्त आलेली जखम असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते आपण होऊन विचारायचं. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे, मग माणसाला कशाला, असा विचार करायचा नाही. ठरवू दे डॉक्टरांना. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. आणि वेळेवर धुतलं, वेळेवर सगळे डोस घेतले, तर तो टाळता येतो. दुसऱ्या कुठल्या दुखण्यात एवढा सरळ हिशोब नसतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली. आक्कांच्या भावाच्या वेळी ती लस जगात होती, पण त्यांच्या गावापर्यंत पोचली नव्हती. आज ती तालुक्याला आहे. एकटं दोरा बांधून घरी बसलेलं पोर आता आपल्या गावात असता कामा नये.

संध्याकाळी तातडीची बैठक झाली. मुलाची आई आली होती, तिचे दीरही आले होते. त्यांचं म्हणणं एकच, कुत्री घाटात सोडा. आमच्यातल्याही काहींना तसं वाटत होतं. मसाला विकायचा तर गावाशी वैर करून चालणार नाही. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता आक्का तेच म्हणणार. तारीख नाही चुकली, पण दात तर लागला.

आक्कांनी रजिस्टर उघडलं. चिंगीचं पान वाचलं, लस कधी दिली, पुढची कधी. मग मुलाच्या आईला म्हणाल्या, "बाई, कुत्रीच्या तारखा पुऱ्या आहेत. आता तुझ्या लेकाच्या तीन तारखा राहिल्यात. आधी त्या पुऱ्या करू. तुझी मजुरी बुडेल, ती गट देईल. बरोबर मी येते. कुत्री दहा दिवस कोंडून, डोळ्यांसमोर राहील. घाटात सोडली तर ती ठीक आहे की नाही, हे कुणाला कळणार?"

मैत्रिणींनो, यात मोठा मुद्दा आहे. चावलेलं कुत्रं मारून टाकलं किंवा हाकलून दिलं, की दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवता येत नाही. आणि घाटात सोडलेलं कुत्रं दुसऱ्याच्या दारात जातं, तिथं दुसरं मूल असतं. म्हणून कोंडायचं, बघायचं, आणि माणसाचे डोस त्याची वाट न बघता पहिल्या दिवशीच सुरू करायचे.

चिंगीला काही झालं नाही. मुलाचे चारही डोस झाले, प्रत्येक वेळी आक्का सोबत गेल्या. दरम्यान मागच्या खोलीला कमरेएवढं जाळीचं फाटक बसवलं, आतल्या बाजूनं कडी. जेवताना चिंगी फाटकाआड, माणसं अलीकडे. ती फाटकाआड असेपर्यंत पोरं आत जाणार नाहीत, हे गिऱ्हाइकांनाही सांगितलं जातं.

आणि मुलांची एक बैठक घेतली. शाळेतल्या बाईंनी मदत केली. मुलांना सांगितलं, कुत्रं खात असेल, झोपलं असेल, पिल्लांजवळ असेल तर जवळ जायचं नाही. गुरगुरणं म्हणजे 'थांब' म्हणणं, ते ऐकायचं. कुत्र्यानं मान फिरवली, जीभ ओठांवरून फिरवली, झोप नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला, शेपटी पोटाखाली घेतली, तर ते घाबरलंय. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. आणि दात लागला, नख लागलं, तर मार बसेल म्हणून घरी लपवायचं नाही. हे शेवटचं मोठ्या माणसांनाही सांगितलं. पोरानं येऊन सांगितलं तर त्याला ओरडू नका. लपवलेल्या ओरखड्यानं जीव जातो.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्यालाही मारायचं नाही. मार खाऊन ते गुरगुरणं सोडतं, आणि मग काही न सांगता चावतं.

गावातल्या मोकळ्या कुत्र्यांचंही थोडं. कुत्रीला साधारण ६३ दिवसांत पिल्लं होतात, एका वेळी पाच-सहा, वर्षातून दोनदाही. ती पोत्यात घालून लांब सोडून काही होत नाही. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, त्यात पंचायतीही येतात. आपलं कुत्रं आपण बघायचं. गावच्या कुत्र्यांचा विषय महिला ग्रामसभेत मांडायचा, आणि ठरावात लिहून घ्यायचा. आम्ही मांडला आहे. एका सभेत होणार नाही, हे माहीत आहे. पुढच्या सभेत पुन्हा मांडणार.

तर ज्यांच्या ओसरीवर आत्ता एखादं कुत्रं येऊन बसलेलं आहे, त्यांनी ठेवून घ्यायच्या आधी घरात पाच प्रश्न विचारा. रोज दोन वेळा कोण जेवायला घालणार? रात्री ते कुठल्या दाराआड झोपणार? लसीला दवाखान्यात कोण नेणार, आणि पुढची तारीख कुठं लिहिणार? आपण गावाला गेलो तर कोण बघणार? आणि घरात जिला किंवा ज्याला कुत्रं नको आहे, त्याचं म्हणणं काय? शेवटचा प्रश्न टाळू नका. नको म्हणणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा कारण असतं. आमच्याकडे ते कारण होतं म्हणून रजिस्टरात पान निघालं, आणि त्या पानामुळं चैत्रातल्या त्या दिवशी आम्हाला काय करायचं ते माहीत होतं.

पाचही उत्तरं मिळाली तर खुशाल ठेवा. नाही मिळाली तर त्याला पाणी ठेवा, प्राण्यांचं काम करणाऱ्यांना कळवा, दुसरं घर शोधा. तेही चांगलंच काम आहे.

चिंगी अजून लंगडते. दोर दिसला की अजून थबकते, पण कापत नाही. कांडपाचा आवाज सुरू झाला की आपली उठून मागं जाते, बंद झाला की बाहेर येऊन दारात पसरते. येणाऱ्या गिऱ्हाइकाचा आधी वास घेते. मुलाची आई गेल्या महिन्यात लग्नाचा मसाला कांडून घेऊन गेली. आक्का अजून चिंगीला शिवत नाहीत. पण गुरुवारी जिचा वार आहे ती बाळंतपणाला माहेरी गेलीय, आणि सध्या गुरुवारची भाकरी आक्कांच्या घरून येते. थाळी त्या फाटकाबाहेरून आत सरकवतात आणि आपल्या कामाला लागतात.

आपल्या घरातल्या कुत्र्याची, आणि मांजराचीही, रेबीजची लस शेवटी कधी झाली ते आज जेवणं उरकल्यावर आठवा. आठवलं नाही तर झाली नाही असं समजा, आणि या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन या. तारीख कॅलेंडरवर लिहा. येताना दुसरीलाही विचारा, तुझं कुत्रं आणायचं का सोबत?